सेहेचाळीस हात

पाहुणे येणार म्हटलं की आपल्याकडे घराचं रूप पालटतं. पलंगावर ठेवणीतली चादर येते, कपाटातले फुलाफुलांचे कप बाहेर निघतात आणि पोरांना दम भरला जातो, "पाहुण्यांपुढं जास्त बोलायचं नाही हं!" पाहुणे जातात, कप परत कपाटात जातात आणि घर पुन्हा आपल्या मूळ पदावर येतं. यात फार काही बिघडत नाही असं आपण सगळेच मानतो. पण वाचकहो, जे घरात चालतं तेच शाळेत चाललं, आणि कपांच्या जागी मुलं असली, तर काय होतं त्याची ही गोष्ट आहे.

माधवनगरच्या सेंट ऑगस्टा कॉन्व्हेंटमध्ये क्रांती टीचर नववीच्या वर्गाला इतिहास आणि मूल्यशिक्षण शिकवत. मूळच्या मेढ्याच्या. आजोबा नाथाजी बेचाळीसच्या चळवळीत भूमिगत होते, त्यांनीच नातीचं नाव हौसेनं क्रांती ठेवलं. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, तशातली गत! पाच वर्षं हंगामी नोकरी केलेल्या या बाईंनी शाळेत कधी कुणाला 'नाही' म्हटलेलं नव्हतं. येत्या जूनमध्ये कायम करू, असं मोठ्या सिस्टरांनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, सांगितल्यापासून तर त्यांची मान होकारार्थीच हलत असे.

जुन्या शिक्षकांकडून त्या एक युक्ती शिकल्या होत्या. तपासणीला कुणी आलं आणि त्यांनी वर्गाला प्रश्न विचारला, की सगळ्यांनी हात वर करायचा. उत्तर येत असेल तर उजवा, येत नसेल तर डावा. टीचर उजव्या हातांतला एक निवडणार, उत्तर बरोबर येणार आणि साहेब खूश होऊन जाणार. जूनमध्ये शाळा उघडली त्याच आठवड्यात त्यांनी हे वर्गाकडून घटवून घेतलं होतं. पुढच्या तासाला त्यांनी फळ्यावर लिहिलं, "मूल्य पहिले : प्रामाणिकपणा." कुणी हसलं नाही. त्यांना स्वतःलाही हसू आलं नाही, हे त्याहून वाईट.

दिवाळीनंतर शाळेत एक मोठी बातमी आली. ही शाळा चालवणाऱ्या सिस्टरांच्याच धर्मसंघाची एक शाळा इंग्लंडमध्ये आहे, तिथल्या एक बाई जानेवारीत भेटीला येणार होत्या. तिकडच्या सरकारनं म्हणे प्रत्येक शाळेला 'ब्रिटिश मूल्यं' शिकवायला सांगितली आहेत: लोकशाही, कायद्याचं राज्य, व्यक्तिस्वातंत्र्य, परस्पर आदर आणि सहिष्णुता. त्या शाळेनं त्याचं सुंदर रंगीत पोस्टर इकडे पाठवलं. 'ब्रिटिश' या शब्दावर मोठ्या सिस्टरांनी पांढरा कागद चिकटवून 'आपली' असं लिहवून घेतलं आणि पोस्टर नववीच्या भिंतीवर लागलं.

मूल्यशिक्षणाचा तास तेवढा मराठीत चाले, कारण इंग्रजीत विचारलं की वर्गाची दातखीळ बसे. पोस्टर लागलं त्या दिवशी मानसिंग उठला. त्याचं गाव पलूसकडचं, वडील फौजेत, आणि पोरगा तोंडाचा फाटका.

"टीचर, त्या कागदाखाली ब्रिटिश लिवलंय, उन्हात दिसतंय की. कायद्याचं राज्य जर ब्रिटिशांचं, तर माझ्या पणजोबाला येरवड्यात कुणी घातलं?"

वर्ग खदखदून हसला. टीचरही हसल्या, कारण त्यांच्या आजोबांनाही त्याच राज्यानं तीन वर्षं रानोमाळ पळवलं होतं.

"आणि आता लोकशाही आपली आहे ना?" दुसऱ्या बाकावरून नौशीननं विचारलं. "मग ती वर्गात पण असते का?"

नौशीन मिरजेहून बसनं येई. आजोबा सतारी बनवणारे, आई एका दवाखान्यात नर्स. पोरगी अबोल, पण बोलली की नेमकं बोटावर छडी बसावी तसं बोलायची.

"असते की," टीचर म्हणाल्या. "उद्याच मॉनिटरची निवडणूक घेऊ. गुप्त मतदान!"

पोरांना केवढा आनंद झाला! दुसऱ्या दिवशी खडूच्या खोक्याची मतपेटी झाली, वहीची पानं फाडून चिठ्ठ्या झाल्या. वर्गात मुलं सेहेचाळीस आणि मतंही सेहेचाळीस पडली. मधल्या सुट्टीत टीचरांनी ती स्टाफरूममध्ये मोजली. नौशीनला एकतीस, वीरधवलला अकरा, बाकी चार इकडंतिकडं.

वीरधवल म्हणजे शाळा समितीवरच्या एका सभासदाचा मुलगा. आदल्याच दिवशी मोठ्या सिस्टर जाता जाता म्हणाल्या होत्या, "पाहुण्यांचं स्वागत मॉनिटरच करेल ना? वीरधवलचं इंग्रजी छान आहे." एवढंच. निकाल फिरवा असं त्यांनी सांगितलं नव्हतं, कुणीच सांगितलं नव्हतं. क्रांती टीचर वर्गात गेल्या, चिठ्ठ्या कचऱ्याच्या टोपलीत टाकल्या आणि म्हणाल्या, "वीरधवलचं अभिनंदन!"

टाळ्या वाजल्या. नौशीननंही वाजवल्या.

त्या दिवशी वर्ग झाडायची पाळी मानसिंगची होती. त्यानं टोपलीतल्या चिठ्ठ्या बाकावर मांडून मोजल्या, आणि बस सुटायच्या आत सगळ्या वर्गाला खरा आकडा माहीत झाला. कुणी तक्रार केली नाही. कुणी घरी नेऊन बोभाटा केला नाही. मोठ्यांचं असंच असतं, हे त्यांना आधीपासून ठाऊक होतं, आता फक्त मोजून झालं होतं. आणि मुलांना ठाऊक आहे, हे टीचरांना मात्र ठाऊक नव्हतं!

डिसेंबरात तिकडच्या मुलांची पत्रं आली. प्रत्येकानं एकेक घेऊन उत्तर लिहायचं होतं. नौशीनच्या वाट्याला एमिली नावाच्या मुलीचं पत्र आलं. तिनं लिहिलं होतं, "आमच्या भिंतीवर ही मूल्यं लावली आहेत. खरं सांगू? तपासणीला माणसं येणार असली की ती आम्हाला पाठ करायला लावतात. माझे आजोबा आयर्लंडचे. ते पोस्टर बघून इतके हसले की त्यांना ठसका लागला. शेजाऱ्याला आपल्यासारखंच माना, हे तर आम्हाला धर्माच्या तासाला लहानपणापासून शिकवतात, मग त्यात ब्रिटिश काय आहे? आणि ते पाळतं कोण? आमच्या वर्गातल्या पोलंडच्या मुलीला अजून कुणी वाढदिवसाला बोलावत नाही. तुमच्याकडे खरंच पाळतात का?"

नौशीननं उत्तर लिहिलं. उजव्या-डाव्या हाताची युक्ती लिहिली, एकतीस चिठ्ठ्या लिहिल्या आणि शेवटी लिहिलं, "आमच्याकडे पण पोस्टर भिंतीवरच आहे. मला वाईट वाटलं, पण आश्चर्य वाटलं नाही."

सगळी पत्रं आधी मोठ्या सिस्टर वाचत. त्यांनी क्रांती टीचरांना बोलावलं आणि तो कागद पुढं ठेवला. टीचरांनी तो वाचला. एकतीस हा आकडासुद्धा मुलांना ठाऊक होता!

"हे खरं आहे का, ते मी विचारणार नाही," सिस्टर थकल्या आवाजात म्हणाल्या. त्या वाईट नव्हत्या. बारा वर्षं शाळेचं छप्पर गळू नये म्हणून देणगीदारांचे उंबरे झिजवणारी ती बाई होती. "पण हे तिकडे गेलं तर शाळेचं नाव जाईल. घरी जा, पालकांना समजावून सांगा आणि दुसरं पत्र लिहून आणा. जूनमध्ये तुमचा कागद माझ्याच टेबलावर येणार आहे, क्रांती."

रविवारी टीचर मिरजेला गेल्या. नौशीनच्या आजोबांचं, दिलावरचाचांचं, दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. छताला सतारीसाठी वाळवलेले भोपळे टांगलेले, भिंतीला अर्धवट सतारी टेकलेल्या, जमिनीवर लाकडाचा भुसा.

"या बाई, बसा. आवं, ती खुर्ची नगा घेऊ, तिचा पाय गेलाय. हितं सतरंजीवर बसा. नौशीन, चा टाक गं!"

टीचरांनी इकडचं तिकडचं बोलून घसा साफ केला. "चाचा, नौशीननं पत्रात जरा जास्तच लिहिलंय."

"खोटं लिवलंय काय?"

टीचरांनी पर्सची चेन उघडली आणि परत लावली.

"म्हंजे खरं हाय," म्हातारबुवा शांतपणे म्हणाले.

"तसं नाही चाचा. खऱ्याखोट्याचा प्रश्नच नाही. परक्या माणसांपुढं शाळेची अब्रू..."

दिलावरचाचांनी हातातला भोपळा त्यांच्यापुढं धरला. "ह्येला चीर गेलीया, दिसती? न्हाई दिसत. मी वरनं रंग मारला आन् पॉलिश केलं तर गिऱ्हाइकाच्या बापाला बी दिसायची न्हाई. पर तार ताणली की भोपळा बोलतोय. तवा दुकानदार मी, आन् नाव कुणाचं जातंय? मिरजेचं! म्हणून चिरलेला भोपळा मी बाजूला ठेवतो, बाई. अब्रू अशी राखायची असती. झाकून न्हाई राखत कुणी."

"पण एका मॉनिटरपदासाठी एवढं..."

"मॉनिटर गेला खड्ड्यात! आमी लय ठिकाणी मागं ऱ्हायलोय, त्येची सवय हाय आमाला. पर पोरीनं घरी येऊन मला काय इचारलं, ठावं हाय? 'नाना, मतं मोजायचीच न्हवती तर चिठ्ठ्या वाटल्या कशाला?' मी सत्तरी वलांडलेला मानूस, मला उत्तर आलं न्हाई. तुमी शिकवता. तुमी सांगा."

क्रांती टीचरांना तो निकालाचा दिवस आठवला. वर्गात 'वीरधवल' म्हणण्याआधी आपण क्षणभर थांबलो होतो, ते नुसतं इंग्रजीसाठी होतं, की नौशीन हे नाव समितीपुढं वाचायला आपल्याला अवघड वाटलं होतं? हा प्रश्न त्यांना पहिल्यांदाच पडला, आणि त्यांना तो मुळीच आवडला नाही.

एवढ्यात नौशीन चहा घेऊन आली. आतून तिनं सगळं ऐकलं होतं. आता तरी टीचरांनी म्हणायला हवं होतं, "पोरी, तुझंच पत्र जाईल." वाचकहो, आपणही अशा वेळी हेच म्हणालो असतो, असं आपल्याला वाटतं. पण जून डोळ्यांपुढं होता. टीचर म्हणाल्या, "नौशीन, बाळा, दुसरं पत्र लिहिशील?"

"लिहिते टीचर. तुम्ही सांगा, मी लिहिते."

तिनं वही आणली, रेघा मारल्या आणि टीचर सांगतील तसं वळणदार अक्षरात लिहून काढलं. आमच्या वर्गात लोकशाही आहे. आमच्या वर्गात सगळे समान आहेत. आम्ही नेहमी खरे बोलतो. एकदाच तिनं मान वर करून विचारलं, "तारीख आजचीच घालू?"

चहा निवायच्या आत पत्र पुरं झालं. दिलावरचाचा तोवर दुसऱ्या भोपळ्याला पॉलिशकागद घासत होते, त्यांनी वर पाहिलंच नाही. पहिलं पत्र टीचरांनी पर्समध्ये ठेवलं. फाडायचा धीर झाला नाही आणि पाठवायचाही नाही.

जानेवारीत पाहुण्या बाई आल्या. उंच, हसऱ्या, सुती साडी हौसेनं नेसलेल्या. शाळेला रंग दिला होता, दारात रांगोळी होती. वीरधवलनं छातीवर मॉनिटरचा बिल्ला लावून स्वागताचं भाषण केलं, आणि खरंच छान केलं. फक्त बोलताना तो एकदाही वर्गाकडं बघत नव्हता.

पाहुण्या पोस्टरपाशी थांबल्या. मुलांकडं वळून त्यांनी काहीतरी विचारलं आणि मोठ्या सिस्टरांनी ते मराठीत सांगितलं, "बाई विचारतात, ही मूल्यं तुमच्या शाळेत खरोखर पाळली जातात, असं किती जणांना वाटतं?"

हा प्रश्न कुणी बसवून घेतला नव्हता.

मग मानसिंगचा हात वर गेला. मागून एक, बाजूचा एक, मग दोन, मग दहा, मग सगळा वर्ग! पाहुण्यांचा चेहरा फुलला. सिस्टरांनी सुटकेचा श्वास टाकला.

आणि क्रांती टीचरांना दिसलं. डावा! सगळे हात डावे होते! नौशीनचा डावा, मानसिंगचा डावा आणि बिल्ला लावलेल्या वीरधवलचासुद्धा डावा! जूनमध्ये त्यांनीच शिकवलेला धडा सेहेचाळीस मुलं एकही चूक न करता म्हणून दाखवत होती, आणि सिस्टरांची नजर पाहुण्यांच्या चेहऱ्यावर होती, म्हणून त्या खोलीत तो वाचणाऱ्या मोठ्या माणसांत क्रांती टीचर एकट्याच होत्या.

"वंडरफुल!" पाहुण्या टाळ्या वाजवत म्हणाल्या. "एव्हरी सिंगल वन!" त्यांनी मोबाईल काढून फोटो घेतला. मुलांनी हात तसेच वर धरून ठेवले होते. त्यांची नजर पाहुण्यांकडं नव्हती, टीचरांकडं होती.

अजूनही वेळ होती. एक वाक्य पुरलं असतं. क्रांती टीचर हसल्या आणि म्हणाल्या, "थँक यू, मॅडम."

त्यानंतरचे पंधरा दिवस त्यांचे वाईट गेले. फळ्याकडं तोंड करून लिहिताना पाठीमागं ते हात अजून वर आहेत असं वाटे. मेढ्याला गेल्या तर भिंतीवरच्या नाथाजींच्या फोटोकडं बघवेना. आज बोलू, उद्या बोलू, असं करत दिवस ढकलले.

मग एका शुक्रवारी सकाळच्या प्रार्थनेला मोठ्या सिस्टरांनी आनंदानं जाहीर केलं, "इंग्लंडहून ईमेल आली आहे! आपल्या नौशीनचं पत्र त्यांनी शाळेच्या दर्शनी भिंतीवर लावलं आहे. आणि वर्गाचा तो फोटो मोठा करून आपण ऑफिसबाहेर लावणार आहोत!" शाळेनं टाळ्या वाजवल्या. नौशीन पायाच्या अंगठ्याकडं बघत उभी होती.

तिसऱ्या तासाला क्रांती टीचर वर्गात आल्या. हजेरी घेतली नाही, पुस्तक उघडलं नाही. टेबलाला धरून उभ्या राहिल्या, आणि शाळेत कधी न येऊ दिलेली मेढ्याची बोली त्यांच्या तोंडून आपोआप बाहेर पडली.

"पोरांनो, मी चुकले. निवडणूक नौशीननं जिंकली हुती. एकतीस मतं हुती तिला. मी चिठ्ठ्या टाकून दिल्या. तिचं खरं पत्र बी मीच दाबलं. त्या दिवशी तुमचे हात मी बघितले, आन् गप ऱ्हायले. मला माफ करा!"

त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. पाच वर्षांत पहिल्यांदा त्या नोकरीचा विचार न करता बोलल्या होत्या. आता वर्ग काहीतरी बोलेल, कुणीतरी रडेल, कुणीतरी म्हणेल, "असू द्या टीचर," असं त्यांना वाटलं.

आधी पहिल्या बाकावरच्या दोघांनी मान वळवली, मग मागच्यांनी, मग साऱ्या वर्गानं. सगळी मुलं दाराकडं बघत होती. दारात कुणी नव्हतं. व्हरांडाही रिकामा होता.

नौशीननं हळूच विचारलं, "टीचर, आज कोण येणार हाय?"

पुढं त्यांनी जे करायचं ते सगळं केलं. सिस्टरांना जाऊन सांगितलं. सिस्टर म्हणाल्या, "पाहुण्या आनंदानं गेल्या, क्रांती. आता हे कुणासाठी?" वीरधवलनं न सांगता बिल्ला काढून टेबलावर ठेवला. नौशीननं तो घेतला नाही. पर्समधलं पत्र टीचरांनी तिच्या हातात दिलं आणि म्हणाल्या, "मी स्वतः टपालात टाकते." तिनं ते उघडलंसुद्धा नाही, भूगोलाच्या वहीत ठेवून दिलं. "नको टीचर. तिकडं भिंतीवर दुसरं लागलंय ना. एमिलीला कळंल बरोबर. तिच्या शाळेत बी पोस्टर हाय."

त्या वर्षी मार्चअखेरपर्यंत बिल्ला टेबलाच्या खणातच पडून राहिला. क्रांती टीचर आता खोटं शिकवत नाहीत. उजव्या-डाव्याची युक्ती त्यांनी कायमची बंद केली, आणि येत नसेल तर सरळ 'येत नाही' म्हणा, असं त्या रोज सांगतात. मुलं मान डोलावतात. पण त्या सेहेचाळीस जणांपैकी एकानंही आजवर त्यांना 'येत नाही' असं म्हटलेलं नाही. गेलेला विश्वास माफीनं परत येत नाही, एवढं त्या शिकल्या. शिकायला उशीर झाला, आणि त्याची शिक्षा त्या मुलांनी भोगली.

बंधुभगिनींनो, लोकशाही ब्रिटिशांची की आपली, यावर मोठी माणसं खुशाल वाद घालोत. मुलांचा तो प्रश्नच नाही. ती एवढंच बघतात, की चिठ्ठ्या मोजल्या जातात की टोपलीत जातात. जे आपण त्यांच्यादेखत पाळतो तेवढंच मूल्य त्यांच्यापर्यंत पोचतं, बाकी सगळा भिंतीचा रंग. म्हणून तुमच्या घरातलं, तुमच्या शाळेतलं लेकरू हात वर करील, तेव्हा हात वर आहे एवढ्यावर खूश होऊ नका. तो कोणता आहे, ते आधी बघा. आणि डावा दिसला, तर त्याच क्षणी बोला!

तो फोटो अजून ऑफिसबाहेर आहे. येणारे पालक त्यापाशी थांबतात, कौतुकानं बघतात आणि आत जाऊन प्रवेशाचा अर्ज मागतात.